जांभळ्या घराची डावी बाजू

केशवण्णा गाणं ऐकायला बसले की आधी गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवत. मग बोटातलं अंगुस्तान खिशात. मग चष्मा काढून शिलाईच्या मशीनवर, काचा वर करून. मग स्टूल ओढून स्पीकरच्या उजव्या पेटीजवळ बसत आणि पेटीच्या जाळीदार कापडाला उजवा कान लावत. आत कुणी आजारी आहे आणि हे वैद्य त्याची छाती ऐकताहेत, असं वाटे. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. अशा वेळी गिऱ्हाईक आलं तर त्यांची बायको, सरसक्का, आतल्या दारातूनच सांगे, "बसा स्वल्प. हे आत्ता लंडनला गेलेत. रेकॉर्ड संपली की येतील."

डावा कान त्यांना नव्हता. म्हणजे दिसायला होता, खडूची पेन्सिल अडकवायच्या कामाला येत होता, पण लहानपणी एका तापात तो आतून फुटला तो कायमचाच. "त्या बाजूला देवानं जाड अस्तर लावून दिलंय," असं ते म्हणत. कुणी डावीकडून बोललं की पुरं अंग वळवून उजवी बाजू पुढे करत. नवख्या माणसाला वाटे, हा शिंपी आपल्याला पाठ दाखवतोय.

मी लग्न होऊन बेंगळुरात आले ती निपाणीहून. त्याच सुमारास राज्यांची वाटणी झाली आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. सासरे म्हणत, "सून आली आणि मागून माहेर घेऊन आली." कबनपेटेतल्या एका वठारात आम्हाला दीड खोली मिळाली होती. मधे अंगण, भोवती सात बिऱ्हाडं, सगळ्यांना मिळून एक नळ. केशवण्णांचं बिऱ्हाड गल्लीच्या तोंडाशी, पुढची खोली दुकानाची. त्यांचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे शिवणकामाला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण शाळा कानडी. ते मराठी बोलत त्यात निम्मं मला कळे आणि निम्मं मी अंदाजानं भरून घेई. मी तशीही बोलत नव्हतेच. चौथीनंतर शाळा सुटली आणि माणसांसमोर तोंड उघडायची सवयही सुटली.

यजमान कारखान्यात. दिवसभर मी एकटी. सरसक्कानं एकदा नळावर विचारलं, "काजं येतात का गं तुला?" मी मान हलवली. तिनं एक कापडाचा तुकडा आणि दोरा दिला. मी सदऱ्याच्या बटणाला लागतं तसं एक काज करून परत पाठवलं. केशवण्णांनी ते हातात घेतलं, आणि सरळ बाजू न बघता आधी उलटं केलं. मला वाटलं चुकलंच काहीतरी.

"अक्का," ते म्हणाले. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवसापासून अक्काच. "वरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते. तिथं कुणीही नीट वागतं. मी मागची बघतो." मग बराच वेळ मागची बघून, "सरी, ठीक. उद्यापासून सहा सदरे घेऊन जा."

अशी मी त्यांच्या काजा-बटणांना लागले आणि सोळा वर्षं लागलेली राहिले.

तेव्हा त्यांच्याकडे भोंग्याचा फोनो होता. चावी फिरवायची, भोंगा आपल्याकडे वळवायचा. नाटकातली पदं, कानडी भजनं, कुणाच्या घरातून आलेल्या इंग्रजी नाचाच्या तबकड्या, काहीही चाले. ते नेहमी म्हणत, "भोंग्याच्या काळात मी कुणापेक्षा कमी नव्हतो. एक भोंगा, एक कान. हिशेब सरळ."

मग जेरी आणि त्याची मित्रमंडळी आली. दंडूच्या, म्हणजे जुन्या छावणीच्या, बाजूला राहणारे अँग्लो-इंडियन चार-पाच जण, गिटार-ढोल वाजवणारे, लग्नात, क्लबात. त्यांना फुलाफुलांचे सदरे लागत, गुडघ्याखाली घेर सुटलेल्या विजारी लागत, आणि दंडूमधले शिंपी त्या विजारी बघून हसत. केशवण्णा हसले नाहीत. त्यांनी जेरीची विजार दोन्ही बाजूंनी बघितली आणि म्हणाले, "कापड जमिनीवर आल्यावर त्याला मोकळं सोडायचं. यात हसण्यासारखं काय?" तेव्हापासून ती पोरं त्यांची झाली. मापं द्यायला येत ती दुपारभर बसत. सरसक्का त्यांना कॉफी देताना मला हळूच म्हणे, "केस बघ. पाचही जणांची वेणी-फणी करावी लागेल."

जेरीचं सगळं घर ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा जाण्याआधी तो एक दिवस रिक्षातून सामान घेऊन आला. तबकडी वाजवायचं यंत्र आणि दोन लाकडी पेट्या, त्यानं स्वतः जोडलेल्या. आणि एक खोकं रेकॉर्डींचं. "यू लिसन, अण्णा," म्हणाला. केशवण्णांनी त्याला जाताना घालायला कोट शिवून दिला. त्या कोटाची काजं त्यांनी मला दिली नाहीत, स्वतः केली.

त्या खोक्यात जांभळं घर होतं.

रेकॉर्डीचं खरं नाव इंग्रजीत होतं, ते मला कधी नीट म्हणता आलं नाही. कव्हरावर एक जांभळं घर होतं, त्याच्या खिडक्यांतून पाणी वाहत होतं आणि पाण्यात चार पोरं उभी होती, छत्री धरून. इंग्लंडमधली पोरं. जेरीच्या सांगण्यावरून त्यांनी ही एकच रेकॉर्ड काढली, ती कुणी घेतली नाही, आणि मंडळी पांगली. जेरीच्या सोबत्यांनाही ती आवडत नव्हती. केशवण्णांना तीच आवडली.

का, ते त्यांनी मला एकदा काज तपासता तपासता सांगितलं. "बाकीचे लोक गाणं गातात, अक्का. हे गाणं उसवतात. सगळे टाके काढतात, तुकडे उलटे करतात, आणि परत शिवतात. तू उसवलेला कोट परत घातलायस कधी? अंगाला वेगळाच लागतो."

कव्हरही त्यांना फार प्रिय होतं. विलायतेत छापलेलं, चकचकीत, आणि मागच्या बाजूला वरचा कागद दुमडून चिकटवलेला. त्या दुमडीवरून ते अंगठा फिरवत. "बघ, हेम कशी मारलीय. एक सूत इकडं-तिकडं नाही." पुढे रविवारच्या बाजारात त्यांना त्याच रेकॉर्डीची इथे आपल्या देशात काढलेली दुसरी प्रत मिळाली. तिचं कव्हर पातळ, दुमड नाही, आणि जांभळा रंग चुकून वांग्याच्या भाजीसारखा झालेला. तीही त्यांनी आणली. "ही गरीब बहीण," म्हणाले. दोघींना मी अस्तराच्या उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवल्या.

पण जांभळं घर दोन कानवाल्यांसाठी केलेलं होतं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यात काही आवाज उजव्या पेटीतून येत, काही डाव्या पेटीतून, आणि काही एकीकडून दुसरीकडे चालत जात. केशवण्णांचा उरलेला कानही आता मंद होत चालला होता. मोठ्या इस्पितळात दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की हा कान वर्षभर साथ देईल, फार तर दीड वर्ष. म्हणून ते पेटीला कान चिकटवून बसत. उजव्या पेटीला चिकटवला की डावी नाही. डावीला चिकटवला की उजवी नाही.

"आळीपाळीनं ऐका की," सरसक्का म्हणे.

"तू एका ताटात भात वाढ आणि दुसऱ्या दिवशी आमटी. जेवलो म्हणून सांगेन."

"माझं ऐकायला या माणसाला अर्धा कान नाही," ती आम्हा बायकांना म्हणाली, "आणि त्या जांभळ्या भुतांसाठी दोन पाहिजेत."

गल्लीतल्या रेडिओवाल्याकडून त्यांनी दोन्ही पेट्यांच्या वायरी एकत्र जोडवूनही बघितल्या. मधला गळा फुगला आणि कडेचे आवाज एकमेकांना खाऊन नाहीसेच झाले. वायरी परत सुट्या केल्या. त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाची बाही दोनदा उसवली.

त्यांची इच्छा एवढीच होती: कान जायच्या आत जांभळं घर एकदा सबंध ऐकायचं.

एका रविवारी दुपारी मी सदरे द्यायला गेले. रेकॉर्ड चालू होती. ते उजव्या पेटीशी होते आणि अचानक त्यांनी बोट वर केलं. "गेला," म्हणाले. मग थांबले. मग, "आला." मग माझ्याकडे बघितलं. "अक्का, दोन्ही कान चांगले ना तुझे? तो आवाज इथून निघतो आणि तिकडं जातो. तिकडं जाऊन काय करतो?"

मी डाव्या पेटीकडे बघितलं. "काहीतरी वाजतंय," मी म्हणाले.

"काहीतरी म्हणजे? गिऱ्हाईक येऊन म्हणालं, काहीतरी शिव, तर मी काय शिवू?"

सरसक्का खुदकन हसली. मी खाली बसले. सुई त्यांनी मागे घेतली. मी ऐकलं. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण एक मात्र अगदी ओळखीचं वाटलं. "कुणीतरी घागर विसळतंय," मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांचा कान पुन्हा पेटीला, आणि माझा आवाज तेवढाच.

मी घरी गेले, यजमानांनी कारखान्यातून आणलेल्या वहीत ते लिहिलं आणि परत आणून दिलं. केशवण्णांनी वही हातात धरली, लांब केली, जवळ केली, आणि हसले. "मला कानडी वाचता येतं, अक्का. ही तुमची बाळबोध अक्षरं वाचेपर्यंत रेकॉर्ड संपेल. तूच वाच. मोठ्यानं."

म्हणजे लिहूनही सुटका नव्हती. पण लिहिलेलं हातात असलं की वाचता येतं, असं मला तेव्हा कळलं. वहीकडे बघत राहायचं, माणसाकडे बघायचं नाही. पुढच्या रविवारपासून असं ठरून गेलं. ते उजव्या पेटीशी. मी डाव्या पेटीशी, वही मांडीवर. आणि माझ्या बाजूला जे येईल ते मी तिथून ओरडून सांगायचं.

"घागर! रिकामी! कुणीतरी विसळतंय!"

"किती मोठी?"

"लहान! तांब्याची!"

"सरी. पुढं."

दुसऱ्या गाण्यात एक विचित्र आवाज होता, तो सांगायला मला तीन रविवार लागले. शेवटी जमलं. "जात्यातून पीठ बाहेर येतं ना अण्णा, ते परत आत जातंय!" केशवण्णा ताडकन ताठ बसले. "उलटं," म्हणाले. "तरीच. जेरी म्हणायचा, इथं फीत उलटी फिरवलीय. मला वाटायचं थट्टा करतोय." दिवसभर ते खूश होते. नळावरच्या बायका मात्र मला आठवडाभर विचारत होत्या, "काय गं, पीठ गेलं का आत?" इतकी वर्षं त्यांना माझा आवाज माहीत नव्हता. आता सबंध वठाराला माहीत झाला.

तिसऱ्या गाण्यात एक बाई हसत होती, तोंडावर पदर धरून हसावं तशी. चौथ्यात सतारीसारखं काही होतं, पण नुकत्याच शिकणाऱ्याच्या हातचं. हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "त्याला राग नको येऊ दे. परदेशी हात आहे." उलट बाजूचं शेवटचं गाणं सगळ्यात लांब. त्यात ढोलाचा आवाज उजवीकडून निघून डावीकडे जाई, परत येई, परत जाई. तिथे मी फक्त बोट वर करायची. मागावरचा धोटा इकडून तिकडे जातो तसा तो चाले.

असं करता करता बारा पानं भरली. त्याच वहीत मी आता हे लिहितेय.

पावसाळा सरत आला होता तेव्हा देवसाहेब आले. सरकारी संशोधनाच्या ठिकाणी मोठे अधिकारी, पुण्याचे. विजारीची कंबर सैल करून घ्यायला आले होते आणि भिंतीशी टेकवलेलं जांभळं घर बघून मापं द्यायचं विसरले.

"हे तुमच्याकडे कसं? माय गॉड. पहिली आवृत्ती आहे ही. कंडिशन बघू?"

केशवण्णांनी पुरं अंग वळवून उजवी बाजू पुढे केली. साहेबांनी कव्हर उलटंपालटं करून बघितलं, दुमडीवर बोट फिरवलं. ते बोट बघून केशवण्णांचा चेहरा मऊ झाला.

"तुमची स्टिरिओ आहे," साहेब म्हणाले. "अशा रेकॉर्डींना सायकेडेलिक म्हणतात."

"म्हणजे काय, सार?"

"म्हणजे... ऐकताना मनाला रंग दिसावेत, असं संगीत."

"मग बरोबर आहे. जांभळा दिसतो."

साहेब हसले. मग सहज म्हणाले, "माझ्याकडे याची मोनो आहे. फारच थोड्या निघाल्या. तेव्हा मोनो काढणं बंदच होत आलं होतं."

केशवण्णांनी मोनो म्हणजे काय ते तीनदा विचारून घेतलं. दोन बाजू नाहीत, सगळे आवाज एकत्र. वायरी जोडून केलेलं नव्हे, त्या पोरांनी स्वतः बसून, एका पेटीसाठी म्हणून वेगळं जुळवलेलं. म्हणजे एका कानासाठी.

मी बटणं लावत होते. त्यांच्या हातातला खडू मोडला तो मला ऐकू आला.

"एकदा ऐकवाल, सार?"

साहेब अवघडले. "त्याचं असं आहे, ती मी वाजवत नाही. मित्राकडे एकदा ऐकलं होतं हे. खरं सांगू, मला काही विशेष वाटलं नाही. पण न वाजवलेली प्रत आहे, तीच तिची गंमत."

"न घातलेला कोट," केशवण्णा म्हणाले.

"अगदी तसंच."

"कोटाला त्यात काय गंमत?"

साहेबांनी कव्हर पुन्हा उलटून बघितलं. त्यांना केशवण्णांची प्रत हवी होती, हे स्पष्ट दिसत होतं. शेवटी केशवण्णांनीच विचारलं, "ही तुम्ही घ्या. ती मला द्या. अदलाबदल."

साहेबांनी कव्हराचे चारही कोपरे तपासले आणि ते कबूल झाले. मोनो दुर्मीळ खरी, पण तिचं कव्हर एका कोपऱ्याला दबलेलं होतं. केशवण्णांचं कव्हर जसंच्या तसं. दसरा झाला की पुढच्या रविवारी येतो, म्हणाले.

ते गेल्यावर सरसक्का म्हणाली, "जेरीची आठवण देऊन टाकणार?"

"जेरी काय म्हणाला होता? ऐका म्हणाला होता. सांभाळा म्हणाला नव्हता."

आणि मग माझ्या हातून ते झालं.

इथे आयुधपूजेला सगळी हत्यारं पुजतात. मशीन, कात्री, इस्त्री, सुया, सगळं धुऊन-पुसून मांडायचं, हळद-कुंकू लावायचं. त्या वर्षी सरसक्काचा गुडघा धरला होता. केशवण्णा कोहळा आणायला बाजारात गेले होते. ती आतून मला म्हणाली, "अक्का, तूच लाव गं सगळ्यांना. त्यांच्या त्या सामानालाही लाव, नाहीतर रुसेल."

मी सगळं मनापासून केलं. मशीनला, कात्रीला, गजाला. मग यंत्राला, पेट्यांना. मग रेकॉर्डी पिशवीतून काढल्या. देवाला वस्त्रावरून कुंकू लावत नाहीत, म्हणून कव्हरावर न लावता आतली तबकडी बाहेर काढली. मधल्या गोल कागदावर लावणार होते, पण त्यावर अक्षरं होती. अक्षरांवर बोट ठेवू नये असं शाळेत गुरुजींनी सांगितलेलं. म्हणून काळ्या भागावर, पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं एकेक ठसठशीत बोट ओढलं. जांभळ्या घराला जास्त प्रेमानं.

केशवण्णा कोहळा घेऊन दारात आले आणि तसेच उभे राहिले.

कोहळा खाली ठेवला. चष्मा लावून तबकडी उजेडात धरली. मला तोवर काहीच कळलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, सावकाश, माझ्याकडे पुरं वळून, "गाणं या काळ्या भागात असतं, अक्का."

आम्ही रिठ्याच्या पाण्यानं धुतली, मलमलीनं टिपली. रंग पुष्कळ गेला. पण रेघांच्या आत बसलेलं कुंकू निघालं नाही. सुई तिथे आली की टक, टक, टक करून पुढे जाई. बाजूला तांबूस सावली राहिली ती राहिलीच. मी घरी जाऊन दार लावून घेतलं. दोन दिवस सदरे आणायला गेले नाही.

तिसऱ्या दिवशी सरसक्का लंगडत आली. "तुला बोलावलंय. त्यांनी विचारलंय, काजं कोण करणार, मी?"

रविवारी देवसाहेब आले. बगलेत मोनो, वर्तमानपत्राच्या दोन थरांत. केशवण्णांनी आपली रेकॉर्ड त्यांच्या हातात दिली आणि ते डाग शोधायच्या आत स्वतःच म्हणाले, "पूजेत होती, सार. कुंकू लागलंय."

साहेबांनी तबकडी तिरपी करून बघितली. "अरे अरे. हे कोणी केलं?"

मी जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलावंच लागणार.

"आमच्या घरात झालं," केशवण्णा म्हणाले.

"वाईट वाटतं. पण मग अदलाबदल... म्हणजे तुम्हीच समजून घ्या. अशी प्रत मला..." साहेब उठले.

"जाऊ नका लगेच. कॉफी टाकलीय. आमची ऐकायची वेळ झालीय, बसा. अक्का, वही."

मला वाटलं नव्हतं ते त्या दिवशी रेकॉर्ड लावतील. साहेबांसमोर तर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण ज्या माणसानं माझं नाव घेतलं नव्हतं, त्यानं वही मागितली होती. मी डाव्या पेटीशी बसले. त्यांनी टेप खुंटीला लावली, अंगुस्तान खिशात टाकलं, चष्मा उतरवला, उजवा कान पेटीला लावला.

"घागर!" मी ओरडले.

साहेबांच्या हातातली कॉफी हिंदकळली. पण मग ते ऐकू लागले. घागरीला त्यांनी मान हलवली. पीठ आत गेलं तेव्हा कप खाली ठेवला. पदराआड हसणाऱ्या बाईपाशी ते स्वतःच हसले आणि म्हणाले, "ही मला ऐकूच आली नव्हती." मग टक, टक, टक आलं. केशवण्णा कान पेटीलाच ठेवून म्हणाले, "ही आमची अक्का." शेवटच्या लांब गाण्यात ढोल चालायला लागला, तेव्हा मी बोट वर केलं, केशवण्णांनी केलं, मी केलं, त्यांनी केलं. साहेब एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते.

रेकॉर्ड संपल्यावर साहेबांनी गार झालेली कॉफी संपवली. मग त्यांनी गुडघ्यावरचं वर्तमानपत्र सोडलं.

"अदलाबदल नको," ते म्हणाले. "लावा ही."

"न घातलेला कोट आहे, सार."

"मीच म्हणालो होतो ते. लावा."

नवी तबकडी, एकही रेघ नसलेली. केशवण्णांच्या हातून सुई ठेववेना. साहेबांनी ठेवली. मी वही मिटून भिंतीशी सरकले, कारण आता माझं काम नव्हतं.

दोन्ही बाजू त्यांनी एका बैठकीत ऐकल्या. मधे तबकडी उलटायलासुद्धा स्टुलावरून हलले नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पहिल्या गाण्यात ते एकदम हसले, लहान मुलानं ओळखीचं माणूस दिसल्यावर हसावं तसे. घागर आली असणार. मग डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही, कानाजवळ हात गेला तर आवाज होईल म्हणून. सरसक्का दारात उभी होती.

संपल्यावर त्यांनी पेटीपासून कान काढला. कापडाच्या जाळीची नक्षी गालावर उमटली होती.

"सगळं आहे," ते म्हणाले. "सगळं आत आहे. एका ताटात." मग माझ्याकडे वळले. "पण अक्का, ती हसणारी बाई पार मागं राहिलीय यात. त्यांनी तिला दाबलंय. तुझ्या बाजूला ती बरी होती. ते पान वाच."

मी वाचलं. साहेबांनी ते पान मला पुढच्या रविवारपर्यंत दुसऱ्या कागदावर उतरवून मागितलं, आणि एक नाही, बाराही. मी चांगल्या अक्षरात लिहून दिली. त्यांनी ते कागद घडी घालून मोनोच्या कव्हरात ठेवले. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी ते रेकॉर्ड घेऊन येत. पुढच्या दसऱ्याला सरसक्का त्यांना म्हणाली, "सार, तुमचीही आणा की पूजेला." ते घाबरले, पण आणली. "फक्त मधल्या कागदावर," म्हणाले. "अक्षरं असली तरी."

त्याच हिवाळ्यात यजमानांना कारखान्याच्या वसाहतीत घर मिळालं, दोन खोल्या आणि स्वतःचा नळ. निघायच्या दिवशी सामान गाडीत चढलं आणि मी उरलेले चार सदरे द्यायला पुढच्या खोलीत गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं झालं होतं. दोन महिन्यांपासून केशवण्णांचा उजवा कानही गेला होता. सरसक्का त्यांच्याशी आता हातांनी बोलत होती आणि पूर्वीइतकंच टोचत होती.

जांभळं घर चालू होतं, कुंकवाचं. उलट बाजू, शेवटचं गाणं. टेप खुंटीला, चष्मा मशीनवर. स्टूल मात्र उजव्या पेटीशी नव्हतं. ते दोन्ही पेट्यांच्या मधोमध होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे बसलेलं कधी बघितलं नव्हतं. पेट्या त्यांनी जवळ ओढून घेतल्या होत्या, आणि एक तळहात या पेटीच्या कापडावर, एक त्या. डोळे मिटलेले.

मी सदरे मेजावर ठेवले, उलटी बाजू वर करून. ढोल उजवीकडे होता, त्यांच्या उजव्या हाताची बोटं हलत होती. मग तो निघाला. मी सवयीनं बोट वर करणार होते, तोच त्यांचा उजवा हात थांबला आणि डाव्या हाताची बोटं हलू लागली.